दादांचा अंगठा

मोटारगाडीविषयी काही लिहिण्याचा मला तिळमात्र अधिकार नाही. सारा जन्म बँकेत लोकांच्या खात्यांवर बेरजा-वजाबाक्या करण्यात गेला. यंत्राशी माझा संबंध आला तो सायकलच्या पंपापुरता, आणि तो पंपही बहुधा शेजाऱ्याचा असे. गाडीचे बॉनेट उघडून आत डोकावणारी माणसे मला वैद्यांसारखी वाटतात. त्यांच्या तोंडाकडे पाहावे, ते नुसते 'हं' म्हणाले तरी आपण घाबरावे, आणि बिल होईल ते मुकाट्याने द्यावे! पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तानशाच्या घराच्या अंगणात जे घडले ते मी अगदी जवळून पाहिले, आणि तेव्हापासून ते कुणाला तरी सांगावे असे सारखे मनात येत आहे.

तानसा म्हटले की मुंबईकराला एकच गोष्ट आठवते. जुलै-ऑगस्टात वर्तमानपत्रात 'तानसा भरून वाहू लागला' अशी बातमी येते आणि तो चहाचा घोट घेत समाधानाने मान डोलावतो. १८९२ साली पुरे झालेले ते दगडी धरण प्रत्यक्ष पाहिलेले मुंबईकर थोडेच. पण त्याचे पाणी पोटात गेले नाही असा मुंबईकर विरळा. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पालिकेच्या पाणीखात्यात होते. जंगलातून मुंबईकडे निघालेल्या त्या अजस्र नळांच्या कडेकडेने त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर सगळे लोक ठाण्या-डोंबिवलीकडे आले, दादा मात्र तिथेच राहिले. आटगाव स्टेशनावर उतरून जाताना रस्त्याला लागून चार गुंठे जमीन घेतली आणि कौलारू घर बांधले. आई म्हणाली, "आयुष्यभर मुंबईला पाणी पाजलंत, आता मला जरा मुंबई दाखवा." पण दादांनी ते ऐकले नाही.

त्या घरापुढच्या मांडवात दादांची गाडी उभी असते. प्रीमियर पद्मिनी. १९७६ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि १९८१ साली दादांनी दुसऱ्याकडून घेतलेली. त्या काळी नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इतका धीर आणि इतका पैसा दोन्ही आमच्याकडे नव्हते. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, सिलिंडर चार, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या शेजारी. याच गाडीतून माझी वरात निघाली, माझी मुलगी याच गाडीतून प्रसूतिगृहातून घरी आली. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा दादांनी ती बातमी कात्रीने कापून देवघराच्या फळीवर ठेवली. आई म्हणाली, "आता हिलाही हार घाला."

दादांनी या गाडीला कधी गॅरेजचे तोंड दाखवले नाही असे म्हटले तरी चालेल. ते तिची नाडी कानाने पाहत. कसाऱ्याचा घाट चढताना मागच्या सीटवर आम्ही भावंडे गाणी म्हणू लागलो की दादा ओरडत, "गप्प बसा रे, मला इंजिन ऐकू द्या!" आणि मग वळणावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडत, कसले तरी डबडे केसभर फिरवत, आणि पुन्हा चालू लागत. आम्हा पोरांना वाटे, दादा गाडीशी काहीतरी बोलून आले.

चार-पाच वर्षांपूर्वी दादांचे कान गेले. वयच झाले, आता ते श्याऐंशीचे आहेत. कानात घालायचे यंत्र आणून दिले आहे, पण ते शिट्टी मारते म्हणून कपाटात असते. कान गेल्यापासून दादा गाडीविषयी बोलेनासे झाले. चालवणे तर त्याआधीच सोडले होते. शेजारचा एक तरुण हवी तेव्हा चालवून देई.

२०२४ च्या जुलैतली ती रात्र मात्र मी विसरणार नाही. मी योगायोगाने तिथेच होतो. शहापूर भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चार-चार दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, काड्यापेटीतली काडी पेटत नाही. रात्री दोनच्या सुमारास आईला धाप लागली. ओठ काळेनिळे दिसू लागले. शेजारच्या तरुणाला उठवले, आईला मागच्या सीटवर निजवले आणि चावी फिरवली. स्टार्टर फिरतो आहे, घर्र घर्र आवाज येतो आहे, पण इंजिन पेट घेत नाही. दादा बनियनवर पावसात उभे राहून, बॉनेटखाली हात घालून, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते. पुन्हा चावी. पुन्हा घर्र घर्र. मग बॅटरीही बसली. शेवटी दुधाचा एक टेंपो देवासारखा आला आणि त्यातून आम्ही आईला शहापूरला नेले. आई वाचली. पण टेंपो निघाला तेव्हा मागे वळून पाहिले, तर दादा ते झाकण हातात घेऊन तसेच पावसात उभे होते.

त्यानंतर घरात एकच ठराव झाला, गाडी काढून टाकायची. ठरावाला विरोध कुणाचाच नव्हता. दादा काही बोलले नाहीत, आणि हेच मला बरे वाटेना.

वाचवले ते आमच्या चिरंजीवांनी. ते पुण्यात नोकरीला असतात आणि मोटारींच्या इंजिनांना अक्कल देणाऱ्या पेट्या बनवतात, एवढेच मला त्यांच्या कामाविषयी ठाऊक. ते म्हणाले, "बाबा, गाडी काढू नका. इंजिन ठणठणीत आहे. फक्त ठिणगीची व्यवस्था म्हातारी झाली आहे. मी सेन्सर बसवतो."

सेन्सॉर हा शब्द मी आजवर सिनेमाच्या संदर्भात ऐकला होता. गाडीतले काय कापायचे आहे ते कळेना. मी तसे म्हटले तर सौ. हसली, चिरंजीव हसले नाहीत. ते कागद-पेन्सिल घेऊन बसले.

त्यांनी जे सांगितले ते मला समजले तसे सांगतो. इंजिन म्हणजे झोपाळा आहे. झोपाळा वरच्या टोकाला पोचून परत फिरतो त्या क्षणी ढकलले तर तो उंच जातो. जरा आधी ढकलले तर आपलाच हात मोडतो. उशिरा ढकलले तर जोर फुकट जातो. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, पेट्रोलची हवा दाबतो, आणि नेमक्या वेळी ठिणगी पडावी लागते. पण पेट्रोल सुतळी बाँबसारखे आहे. वात पेटवली की लगेच आवाज होत नाही, थोडा अवकाश जातो. म्हणून पिस्टन माथ्याला पोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी टाकायची. इंजिन जितके जोरात फिरेल तितकी ती अधिक आधी. मिनिटाला तीन हजार फेऱ्या होत असतील तर एका सेकंदात शंभर ठिणग्या पडतात, आणि इंजिनाला एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. एवढ्याशा वेळेचा हिशेब ठेवायचा!

जुन्या गाडीत हा हिशेब डिस्ट्रिब्यूटर नावाचे डबडे ठेवते. हेच ते दादा केसभर फिरवत असलेले डबडे. त्यात एक दांडी फिरते, तिच्या उंचवट्यांनी दोन चिमुकले पॉइंट उघडतात-मिटतात. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फट उघडली की ठिणगी पडते. वेग वाढला की आतली दोन वजने स्प्रिंगा ताणून बाहेर सरकतात आणि ठिणगी आपोआप आधी पडू लागते. व्यवस्था मोठी बुद्धिमान. पण पॉइंट झिजतात, स्प्रिंगा सैल पडतात, दांडी आपल्या भोकात लडबडू लागते, आणि पावसाळ्यात झाकणाच्या आत दव साचले की वीज प्लगला जायची सोडून भलतीकडे पळते. त्या रात्री असेच झाले होते.

नव्या व्यवस्थेत ठिणगी पाडायचे काम एका पेटीकडे असते. पेटीला फक्त एकच गोष्ट अखंड सांगत राहावे लागते: इंजिन या क्षणी कुठे आहे? ते सांगणारे दोन पहारेकरी म्हणजे हे दोन सेन्सर. आजच्या गाड्यांत ते कारखान्यातूनच येतात. आमच्या पद्मिनीला ते उतारवयात बसवायचे होते.

दिवाळीला चिरंजीव पुण्याहून आले ते फराळाच्या डब्यांऐवजी एक पोलादी चाक घेऊन. शहापूरच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी त्याचे भोक साफ करून घेतले आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीवर ते बसवले. चाकाला दातेरी कड. दात छत्तीसांचे, पण एक मुद्दाम काढून टाकलेला. चाकासमोर, साधारण एका मिलिमीटरच्या अंतरावर, लोखंडी पट्टीला आवळलेला बोटाएवढा सेन्सर. पोटात लोहचुंबक आणि एक इवलासा विजेचा खडा. समोरून दात गेला की तो पेटीला एक टिचकी पाठवतो. दोन दातांत दहा अंशांचे अंतर.

माझी सात वर्षांची नात, मुलीची मुलगी, शेजारी उभी होती. तिने विचारले, "मामा, याचा एक दात का पाडलास?"

"तुझा का पडलाय?"

"माझा आपोआप पडलाय."

"बरं, मग तुझ्या दातांवरून जीभ फिरव पाहू. कुठे आलीस ते कसं कळतं?"

तिने तोंडात जीभ फिरवली आणि डोळे मोठे केले. "भोक लागलं की कळतं!"

"तस्संच. सगळे दात सारखे असते तर पेटीला नुसतं मोजता आलं असतं, सुरुवात कुठून धरायची ते कळलं नसतं. एक टिचकी चुकली की पेटी समजते, फेरी इथून सुरू."

इतके सोपे मला बँकेतल्या कुणी साहेबाने कधी काही समजावून सांगितले नव्हते.

दादा ओटीवर आरामखुर्चीत बसून हे सारे पाहत होते. त्यांना ऐकू येत नव्हते, पण नजर हलत नव्हती. चिरंजीवांनी डिस्ट्रिब्यूटर बाहेर काढला तेव्हा दादा उठून आत गेले. मी मागोमाग गेलो. ते देवघरापुढे उगाच उभे होते. मी पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिले, 'टाकत नाही. त्यातच दुसरा सेन्सर बसवणार.' ते खरेच होते. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काढून तिथे दुसरा सेन्सर, आणि त्याच्या समोर फिरणारी चंद्रकोरीसारखी पत्र्याची चकती, अशी योजना होती. दादांनी वाचले, मान हलवली, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. पण चेहरा तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जोडून झाले. प्लगच्या तारांची वीज सेन्सरच्या तारेत शिरून खोट्या टिचक्या उमटवू नये म्हणून तिला जाळीचे चिलखत घातले होते. मांडीवर संगणक घेऊन चिरंजीव बसले. पुलीवर एक खाच असते. ती समोरच्या खुणेशी आली की पहिला पिस्टन माथ्यावर असतो, असा कारखान्याचा संकेत. त्या खाचेवरून त्यांनी हिशेब करून आकडा पेटीत भरला होता. स्टार्टर फिरवता फिरवता लखलखणारा दिवा पुलीवर धरून त्यांनी ठिणगीची खूणही ताडून पाहिली. म्हणाले, "अगदी दहा अंश. घ्या चावी."

मी चावी फिरवली. इंजिनाने एक हिसका असा दिला की सारी गाडी थरारली. स्टार्टर कण्हला, कार्बोरेटरमधून फाट्कन बार निघाला, आणि नात किंचाळत आजीकडे पळाली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच उलटा फटका. चिरंजीव तारा तपासतात, आकडे तपासतात, घाम पुसतात. पेटी बरोबर, दिवा बरोबर, खूण बरोबर. चुकत होते ते फक्त इंजिन! संध्याकाळ झाली. सौ.ने चकल्यांची ताटली आणून ठेवली, तिला कुणी हात लावला नाही. अखेर चिरंजीव खालच्या आवाजात मला म्हणाले, "बाबा, बहुतेक जमत नाही. तुम्ही म्हणत होता तेच करू. काढून टाकू."

दादांना हे ऐकू येणे शक्य नव्हते. पण नातवाचा चेहरा त्यांनी वाचला असावा. ते खुर्चीतून उठले, काठी टेकत गाडीजवळ आले, आणि पुलीकडे बोट करून म्हणाले,

"ही पुली या गाडीची नाही."

आम्ही थक्क झालो.

"त्र्याण्णव साली मूळची पुली चिरली. भंगारवाल्याकडून दुसरी आणून बसवली. तिची खाच भलतीकडेच आहे. मी खाचेकडे कधी पाहिलंच नाही. मी टायमिंग कसाऱ्याच्या घाटात कानानं लावत होतो."

चिरंजीव म्हणाले, "आजोबा, मग आधी का नाही सांगितलंत?" दादांना ओठांवरून प्रश्न कळला. ते म्हणाले, "मला कुणी विचारलं?"

त्या तीन शब्दांत रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते लागले. मला एकदम आठवले, की गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही दादांना पाटीवर लिहून जे विचारले ते एवढेच: औषध घेतले का, जेवणार का, झोप लागली का. ज्याला ऐकू येत नाही त्याला काही माहीतही नसेल, अशी काहीतरी आमची समजूत होऊन बसली होती.

चिरंजीव गुणी. त्यांनी पाटी उचलली आणि लिहिले, 'माथा कसा शोधायचा? शिकवा.'

दादांनी आधी धोतराचा काचा मारला. मग माळ्यावरून आपली जुनी पेटी काढवली. तिच्यात किलतानात गुंडाळलेला एक जुना स्पार्क प्लग होता. त्याच्या पोटातली चिनी माती फोडून काढून तिथे एक गुळगुळीत टोकाचा बोल्ट बसवलेला होता. चारही प्लग काढायला लावून त्यांनी तो पहिल्या सिलिंडरच्या भोकात पिळला, म्हणजे बोल्टचे टोक आत डोकावून राहिले. पुलीच्या नटाला मोठा पाना लावून ते चिरंजीवांना म्हणाले, "हळू. बाळाला पाळण्यात ठेवतोस तसं हळू." पाना फिरला, पिस्टन वर येऊन बोल्टला अलगद टेकला. दादांनी खुणेसमोर पुलीवर खडूची रेघ मारली. मग पाना उलट फिरवला. पिस्टन खाली जाऊन, फिरून वर येऊन दुसऱ्या बाजूने बोल्टला टेकला. दुसरी रेघ. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा माथा!

"सरळ वरच का नाही पाहायचं?" मी विचारले. चिरंजीवच म्हणाले, "बाबा, माथ्याशी पिस्टन जवळजवळ थांबतो. पुली चार-सहा अंश फिरली तरी तो हलल्यासारखा वाटत नाही. त्यामुळे डोळ्यांना फसवणूक होते. दोन्ही बाजूंनी मोजून मध्य काढला की चूक उरत नाही. आम्हाला पुस्तकात हे होतं. मी खाचेवर विश्वास ठेवला."

मध्य काढायला दादांनी कालनिर्णयचे जुने पान फाडून त्याची लांब पट्टी केली, दोन रेघांमध्ये पुलीला गुंडाळली, आणि पट्टीची बरोबर अर्धी घडी घातली. घडी जिथे पडली तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका. जुन्या खाचेपासून ठिपका चाकाचे दोन दात दूर होता. म्हणजे वीस अंश. म्हणजे आम्ही सुतळी बाँब हातातच फोडत होतो!

पण एवढ्याने भागत नव्हते. दादांनी तो बोल्टवाला प्लग काढला, उजव्या हाताचा अंगठा त्या भोकावर दाबून धरला, आणि म्हणाले, "चौथा गिअर टाका आणि गाडी ढकला. सगळे." सगळे म्हणजे मी, सौ., शेजारचा तरुण आणि नात. आई ओटीवरून "अहो, हात सांभाळा" म्हणत होती. गाडी इंच इंच पुढे सरकली. चौथ्या गिअरात चाके फिरली की इंजिन फिरते, ही युक्ती मला तेव्हा कळली. दादा डोळे मिटून उभे होते. एकदा ठिपका खुणेपाशी आला, दादांनी मान हलवली, "ही नाही." आम्ही घामाघूम होऊन पुन्हा ढकलली. एकाएकी फुस्स आवाज झाला. भोकातल्या हवेने दादांचा अंगठा उडवला.

"ही!" दादा म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावरचे भाव पाहून चिरंजीवांनी खुलासा केला. पिस्टन एका ठिणगीमागे दोनदा माथ्याला येतो. एकदा हवा दाबायला, एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. पुलीवरच्या चाकाला दोन्ही वेळा सारख्याच. घड्याळात बारा वाजलेले दिसतात, पण दुपारचे की मध्यरात्रीचे, ते काटे सांगत नाहीत, तसेच हे. ते सांगायला दुसरा सेन्सर लागतो. डिस्ट्रिब्यूटरची दांडी इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून तिच्यावरची चंद्रकोर दिवस-रात्र ओळखते. तो नसता तर दोन्ही वेळा ठिणगी टाकून एक फुकट घालवायची, अशीही तडजोड असते. तिच्यावर गाडी चालतेसुद्धा. पण पुढेमागे कार्बोरेटर काढून प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळी पेट्रोल फवारायचे तर दुपार की मध्यरात्र हे कळलेच पाहिजे.

मी दादांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. नखाखाली काळा मळ, पेरावर जुना भाजल्याचा डाग. छत्तीस दातांचे चाक आणि चंद्रकोर जे सांगणार होती ते हा अंगठा चाळीस वर्षे सांगत आला होता. आणि गंमत अशी, की त्या दोन सेन्सरांना स्वतःहून काहीच माहीत नसते. गळलेल्या दातापासून माथा किती अंशांवर आहे, तो आकडा कुणीतरी माणसाने एकदा शोधून पेटीला सांगावा लागतो. सांगितला की मग ती जन्मभर विसरत नाही. पण एकदा सांगावा लागतो, आणि तो चुकीचा सांगितला तर ती ती चूकही तितक्याच निष्ठेने पाळते.

चिरंजीवांनी नवा आकडा भरला. तोवर अंधार पडला होता, ओटीवर पणत्या लागल्या होत्या. मी भीत भीत चावी फिरवली. अर्ध्या फेरीत इंजिन लागले. असे मऊ, की मला वाटले बंद पडले की काय. सौ.ने टाळ्या वाजवल्या. मी दादांकडे पाहिले आणि मनात चर्र झाले. आवाजच तर त्यांना ऐकू येत नव्हता!

दादांनी तळहात इंजिनाच्या झाकणावर टेकला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चिरंजीवांनी तो लखलखणारा दिवा त्यांच्या हातात दिला आणि पुलीकडे वळवला. पहिल्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर तो दिवा चमकतो, त्यामुळे गरगर फिरणारे चाक जागच्या जागी उभे दिसते. ठिपक्याच्या शेजारचा दात चिरंजीवांनी रंगवून ठेवला होता. एक दात म्हणजे दहा अंश. तो रंगवलेला दात खुणेसमोर उभा होता. स्थिर. जणू कुणी खिळा मारून ठेवला आहे. चिरंजीवांनी इंजिनाचा वेग वाढवला, तसा रंगवलेला दात हलके हलके सरकत खुणेपासून दूर गेला. कमी केला, तसा परत आला.

दादा वाकून पाहत राहिले. किती वेळ, ते मी सांगू शकणार नाही. मग दिवा न हलवता म्हणाले, "हेच मी घाटात ऐकत होतो रे. दिसतं कसं ते आज पाहिलं."

त्या रात्री ते जेवताना बरेच बोलले. आई म्हणाली, चार वर्षांचं साठलेलं निघतंय.

वाचकांना वाटेल, चला, सर्व सुरळीत झाले. तसे नव्हे. पंधरा दिवसांत सेन्सरची लोखंडी पट्टी इंजिनाच्या थरथरीने हलू लागली, सेन्सर चाकाला घासला आणि गाडी रस्त्यात बंद पडली. पट्टी दुप्पट जाडीची करून घ्यावी लागली. त्यावर दादा म्हणाले की पाणीखात्यात नळाची बैठक करतानाही हाच नियम असे. मापक कितीही उत्तम असो, तो ज्यावर उभा आहे ते हलता कामा नये. आता निम्मे काम बाकी आहे. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागते, आणि जुन्या कार्बोरेटरला ही बातमी कळण्याचा मार्ग नाही. म्हणून फवाऱ्यांची सोय करायची, जुन्या रबरी नळ्या बदलायच्या, असा पुढचा बेत आहे. मी खर्चाचा आकडा विचारला. चिरंजीवांनी विषय बदलला.

पण यंदाच्या जुलैत, पाऊस तसाच कोसळत असताना, रोज सकाळी दादा त्या तरुणाला बोलावून गाडी एकदा चालू करायला लावत आणि झाकणावर हात ठेवून उभे राहत. एकही दिवस ती अडली नाही. आईला फिरून दवाखान्यात न्यावे लागले नाही, ही देवाची कृपा. पण रात्री कधी जाग आली की ती मांडवाकडे पाहून निश्चिंत झोपते, असे तिनेच मला सांगितले.

पाटी आमच्या घरी अजून आहे. आता मात्र तिच्यावर औषधाखेरीजही पुष्कळ काही लिहिलेले असते. परवा चिरंजीव पुण्याहून आले तर पाटीवर दादांच्या अक्षरात त्यांच्यासाठी प्रश्न होता: 'त्या संगणकात माझा आकडा कोणता आहे, तो लिहून ठेव.'

चिरंजीवांनी तो आकडा लिहिला. दादांनी तो त्या टॅक्सीच्या कात्रणामागे उतरवून घेतला आणि कात्रण पुन्हा देवघराच्या फळीवर ठेवले.